मागच्या प्रेक्षकालाही दिसले पाहिजे!

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला, की एक गोष्ट हमखास घडते. हौदाभोवतीची पहिली रांग मांडी घालून बसते, दुसरी गुडघ्यांवर येते, तिसरी उभी राहते आणि चौथ्या रांगेतील मंडळी टाचा उंचावून माना ताणतात. त्यामागे येणाऱ्यांना झाडाची फांदी, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली गाठावी लागते. कुस्ती निकाली झाली हे मागच्यांना कळते ते पुढच्यांच्या आरोळीवरून! परभणी जिल्ह्याच्या सपाट काळ्या रानात तर चढून बसायला जवळपास टेकाडही सापडत नाही.

आता याच्या उलट चित्र पहा. अमेरिकेतील ॲन आर्बर या गावी मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान आहे. तेथे एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक एका वेळी बसतात, आणि शेवटच्या ओळीतल्या माणसालाही चेंडू दिसतो. आपल्या फडात पन्नासाव्या माणसाला दिसत नाही आणि तेथे लाखाव्या माणसाला दिसते, हे कसे? पैसा आणि सिमेंट हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर तुमच्या भूमितीच्या पुस्तकातील समरूप त्रिकोणांत आहे, आणि ते पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. कोल्हापूर पुरेसे आहे.

कोल्हापूरची बशी

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले होते. या प्रवासात त्यांनी रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्यावरून कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात आली, असे सांगितले जाते. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी कुस्तीचा हौद आणि भोवती सर्व बाजूंनी चढत गेलेली गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. एखादी मोठी बशी जमिनीत बसवावी तसा त्याचा आकार दिसतो. हजारो माणसे बसली तरी कोणाच्या डोक्यामुळे कोणाचे अडत नाही, अशी या मैदानाची ख्याती आहे.

येथे आकार गोल का, हे ध्यानात घ्या. कुस्ती लहानशा जागेत चालते आणि ती कोणत्याही बाजूने सारखीच पाहता येते. वर्तुळाच्या परिघावरील सर्व बिंदू केंद्रापासून समान अंतरावर असतात. म्हणून एका ओळीत बसलेल्या सर्वांना कुस्ती सारखीच जवळ पडते.

विद्यापीठांची मैदाने

अमेरिकेतील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात लांबोडका चेंडू हातात घेऊन पळतात. हा खेळ तेथे प्रथम महाविद्यालयांत वाढला, म्हणून त्या देशातील सर्वांत मोठी क्रीडांगणे शहरांच्या वा कंपन्यांच्या मालकीची नसून विद्यापीठांची आहेत. ॲन आर्बर गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ सारे गाव मावेल एवढे ते मैदान!

हार्वर्ड विद्यापीठाने १९०३ साली आपले क्रीडांगण सलोह काँक्रीटमध्ये उभारले. त्या काळी हे बांधकाम नवीनच होते. पुढे येल विद्यापीठाने निराळा मार्ग धरला. चार्ल्स फेरी या अभियंत्याने सुचविले, की उंच सांगाडा उभारण्याऐवजी मैदान जमिनीत खाली न्यावे आणि निघालेली माती भोवती रचून तिच्या उतारावर लोकांना बसवावे. हे मैदान नोव्हेंबर १९१४ मध्ये खुले झाले. सुमारे सत्तर हजार माणसे बसतील अशी ती अंडाकृती वाटी होती. फुटबॉलचे मैदान सुमारे ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद असते, म्हणून तेथे वर्तुळाऐवजी लांबट आकार घ्यावा लागला. मिशिगनचे मैदान १९२७ साली झाले, तेही बरेचसे जमिनीखाली आहे.

सालांकडे पुन्हा एकदा पहा. कोल्हापूर १९१२, येल १९१४. महासागरापलीकडच्या दोन गावांनी एकाच प्रश्नाला दोन वर्षांच्या अंतराने एकाच जातीचे उत्तर दिले. कारण प्रश्न भूमितीचा होता, आणि भूमिती दोन्हीकडे एकच.

पायरी किती उंच हवी?

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, आपल्याला १० मीटर व्यासाच्या हौदाभोवती बैठक करावयाची आहे. पहिली ओळ हौदाच्या काठापासून ६ मीटर दूर ठेवू. प्रत्येक ओळीला ७५ सेंमी. रुंद जागा देऊ. मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ७५ सेंमी. उंचीवर असतात, आणि डोळ्यांपासून टाळूपर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंमी. असते.

प्रत्येकाला हौदाचा आपल्याकडचा काठ दिसला पाहिजे. तो दिसला, की त्यापलीकडचे सारे दिसेलच. यासाठी मागच्या माणसाची दृष्टिरेषा पुढच्याच्या टाळूला चाटून काठापर्यंत पोचावयास हवी. म्हणजे ती पुढच्याच्या डोळ्यांच्या १२ सेंमी. वरून गेली पाहिजे.

वहीत आकृती काढा. काठाचा बिंदू घ्या आणि तेथून पुढच्याच्या टाळूपर्यंत रेघ काढून ती मागच्या ओळीपर्यंत वाढवा. दोन समरूप काटकोन त्रिकोण मिळतील. पुढच्याचे काठापासूनचे अंतर ‘अ’, त्याच्या डोळ्यांची उंची ‘उ’, टाळूपर्यंतचा वाव ‘व’ आणि दोन ओळींतील अंतर ‘र’ मानले, तर

मागच्याच्या डोळ्यांची उंची = (उ + व) × (अ + र) ÷ अ

पहिल्या ओळीसाठी अ = ६ मी., उ = ०.७५ मी., व = ०.१२ मी., र = ०.७५ मी. म्हणून दुसऱ्या ओळीतील डोळ्यांची उंची = ०.८७ × ६.७५ ÷ ६ = ०.९८ मी. म्हणजे दुसरी पायरी पहिलीपेक्षा सुमारे २३ सेंमी. उंच हवी.

आता हेच सूत्र पुढे लावत जा. प्रत्येक वेळी नवी उंची आणि नवे अंतर घ्यावयाचे. पहिल्या ओळीच्या तुलनेत बसण्याच्या जागेची उंची अशी येते :

५ वी ओळ : ०.९९ मी.
१० वी ओळ : २.४५ मी.
१५ वी ओळ : ४.०९ मी.
२० वी ओळ : ५.८७ मी.

यात एक गंमत दडलेली आहे. पहिल्या व दुसऱ्या ओळींतील पायरी २३ सेंमी. उंच, नवव्या व दहाव्या ओळींतील ३१ सेंमी. आणि एकोणिसाव्या व विसाव्या ओळींतील तर ३६ सेंमी.हूनही थोडी जास्त! बैठकीचा उतार सरळ रेषेत नसून तो मागे मागे अधिक चढा होत जातो. बशीची कड वर वळलेली असते, तसाच.

सगळ्या पायऱ्या २३ सेंमी.च्याच केल्या तर काय होईल? काम सोपे होईल, गवंड्याला एकच माप पुरेल. पण विसाव्या ओळीत पोचेपर्यंत दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांच्या फक्त ४ सेंमी. वरून जाऊ लागेल. म्हणजे ती त्याच्या कपाळात अडेल. सरळ उताराच्या बैठकीवर मागचे लोक हटकून उठून उभे राहतात, याचे कारण हे आहे. दोष त्यांच्या शिस्तीत नसतो, तो पायरीच्या मापात असतो.

खोदलेली माती वाया जात नाही

वीस ओळींसाठी जवळजवळ ६ मीटर उंचीचा फरक लागतो. तो तीन प्रकारे मिळविता येईल. सपाट जमिनीवर ६ मीटरचा बांध घालावयाचा, तर एवढी माती आणायची कोठून? ६ मीटर खड्डा खणावयाचा, तर निघालेली माती टाकायची कोठे? तिसरा प्रकार येलचा. थोडे खणायचे, आणि तीच माती भोवती रचायची. खणलेला प्रत्येक घमेलाभर माल दोनदा उपयोगी पडतो. एकदा खाली खोली देऊन, दुसऱ्यांदा वर उंची देऊन.

खणायचे किती? आपल्या उदाहरणात वरचा माथा २ मीटर रुंद ठेवला आणि बाहेरचा उतार दर मीटर उंचीला दोन मीटर रुंदी असा दिला, तर सुमारे साडेतीन मीटर खणल्यावर जमाखर्च जुळतो. सुमारे २,७०० घनमीटर माती निघते आणि तेवढीच सुमारे २.४ मीटर उंचीच्या बांधाला लागते. या वीस ओळींत माणशी अर्धा मीटर जागा धरली, तर वाटांची जागा सोडून चार हजारांहून अधिक माणसे बसतील. ना उंच खांब, ना तुळया! शहरात जमीन महाग आणि जागा अपुरी, म्हणून मुंबईच्या वानखेडे मैदानासारख्या ठिकाणी काँक्रीटचे मजले चढवावे लागतात. जेथे मोकळी जागा आहे, तेथे माती हाच सर्वांत स्वस्त खांब.

काळ्या मातीचा स्वभाव

मग परभणीच्या सपाट रानात उद्याच कुदळ मारावी काय? थांबा. भूमिती सर्वत्र एक असली, तरी माती सर्वत्र एक नसते.

आपली काळी माती बेसाल्ट, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणखनिजे भरपूर असतात. या खनिजाचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात, आणि त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते, आणि सुकली की आकसते. चैत्र-वैशाखात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या बुजतात, हे तुम्ही दरवर्षी पाहता. कापसाला हा गुण मानवतो, कारण अशी माती ओल धरून ठेवते. बांधकामाला मात्र तो बाधतो. काळ्या मातीच्या बांधावर फरशीच्या पायऱ्या बसविल्या, तर पावसाळ्यात त्या उचलल्या जातील आणि उन्हाळ्यात खचतील. दोन-तीन वर्षांत आपल्या काळजीपूर्वक काढलेल्या २३ आणि ३६ सेंमी.च्या मापांचा पत्ताही लागणार नाही.

हीच अडचण कालव्यांच्या अस्तरीकरणातही येते. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यातून जातो, तेव्हा ती आपल्याला परकी नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीचा दीर्घ अभ्यास केला. काळ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून घातला, तर खालच्या मातीचा फुगवटा बराच आवरता येतो, असे त्यांनी दाखविले. ही रीत पुढे कालव्यांच्या कामांत वापरात आली.

दुसरी अडचण पाण्याची. आपल्या वीस ओळींच्या बशीचे तोंड सुमारे ५३ मीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे २,२०० चौरस मीटर क्षेत्राचे होईल. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यात २,२०० × ०.०५ = ११० घनमीटर, म्हणजे १ लाख १० हजार लिटर पाणी पडेल. दहा हजार लिटरचे अकरा टँकर! काळ्या मातीतून ते लवकर जिरणार नाही, आणि सपाट प्रदेशात साडेतीन मीटर खालून ते वाहून न्यायला तेवढा सखल ओढाही जवळ नसतो. कुस्तीच्या हौदाऐवजी आपल्याला गावतळे मिळेल. मिशिगनचे मैदान बांधतानाही जमिनीतील पाणी वर येऊन बांधणाऱ्यांना फार त्रास झाला होता. जमिनीत उतरणाऱ्या प्रत्येक मैदानाला आधी पाण्याची वाट विचारावी लागते.

बाहेर पडण्याची वाट

दिसणे हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा सुखरूप घरी जाण्याचा. मैदानात लोक तासाभरात हळूहळू जमतात, पण खेळ संपताच सगळे एकदम उठतात. २ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून लोक बाहेर पडत असता एका जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर १९७३ साली ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शिका निघाली. तिच्या पुढील आवृत्त्यांत वाटांचे गणित दिलेले आहे. पायऱ्यांच्या वाटेवरून दर मीटर रुंदीस मिनिटाला ६६ माणसे आणि सपाट वाटेवरून ८२ माणसे जाऊ शकतात, असे त्यात धरतात.

आपल्या चार हजार माणसांना आठ मिनिटांत पायऱ्यांवरून बाहेर काढावयाचे, तर ४,००० ÷ (६६ × ८) = ७.६ मीटर रुंदी लागेल. म्हणजे दोन-दोन मीटरच्या चार वाटा, त्याही चार दिशांना. शिवाय ३६ सेंमी.ची पायरी बसण्यास ठीक, चालण्यास धोक्याची. म्हणून वाटेवर तिचे १८-१८ सेंमी.चे दोन भाग करावे लागतील. येलच्या मैदानात मातीच्या भरावातून तीस बोगदे काढले आहेत, ते बैठकीच्या मधल्या भागात उघडतात. त्यामुळे वरच्यांना उतरून आणि खालच्यांना चढून निम्मेच अंतर तोडावे लागते. रोमच्या कोलोझियमला तर इसवी सन ८० मध्येच ८० दरवाजे होते.

आपल्या गावासाठी

मग परभणी जिल्ह्यातील गावाने काय करावे? जिंतूरकडे डोंगराळ भाग आहे. तेथे टेकडीचा नैसर्गिक उतार वापरता येईल. प्राचीन ग्रीकांनी एपिडॉरसचे प्रसिद्ध नाट्यगृह टेकडीच्या उतारावरच बसविले. जेथे टेकडी नाही तेथे खणू नये. जमिनीच्या वर, मुरुमाची, थोड्याच ओळींची बैठक करावी.

हिशेब करून पाहू. फक्त सहा ओळी घ्या. आपल्याच सूत्राने सहावी ओळ पहिलीपेक्षा १.२६ मीटर उंच येते. म्हणजे बांध पुरुषभरही नाही. माथा दीड मीटर आणि बाहेरचा उतार पूर्वीसारखाच ठेवला, तर सुमारे ५६० घनमीटर, म्हणजे जवळजवळ २०० ब्रास मुरूम लागेल. जागेवरची भेगाळलेली काळी माती वरून काढून, मुरूम थराथराने पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून दाबला, तर पायऱ्या टिकतील. चार दिशांना दोन-दोन मीटरच्या सपाट वाटा सोडल्या, की माणसे त्यांतून बाहेर पडतील आणि पावसाचे पाणीही त्यांतूनच निघून जाईल. अशा बैठकीवर साडेआठशेच्या वर माणसे मांडी घालून बसतील, आणि सहाव्या ओळीतील आजोबांनाही टाच न उंचावता हौदाचा काठ दिसेल. सपाट फडात जेथे तिसऱ्या रांगेपासून उभे राहावे लागते, तेथे ही प्रगती लहान नाही.

करून पहा

१. शाळेच्या मैदानावर सहा विद्यार्थ्यांना एकामागे एक ७५ सेंमी. अंतरावर बसवा. पहिल्यापासून ६ मीटरवर एक चेंडू ठेवा. कितव्याला चेंडू दिसत नाही ते नोंदवा. मग मागच्यांना विटांवर वा बाकांवर बसवून प्रत्येकाला किती उंची द्यावी लागली ते मोजा आणि सूत्राने आलेल्या उंचीशी ताडून पहा. तुमच्या डोळ्यांपासून टाळूपर्यंतचे अंतर १२ सेंमी. भरते काय, तेही मोजा.

२. वाळलेली काळी माती कुटून वस्त्रगाळ करा. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीच्या घनफळातून रॉकेलमधील घनफळ वजा करा, त्या वजाबाकीला रॉकेलमधील घनफळाने भागा आणि १०० ने गुणा. हा झाला तुमच्या मातीचा शेकडा फुगवटा. हाच प्रयोग मुरूम घेऊन करा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. (रॉकेल हाताळताना शिक्षक जवळ असावेत आणि जवळपास ज्योत नसावी.)

३. शाळेतील सभागृहाचे अथवा मैदानाचे दरवाजे मोजा. ८२ चा आकडा धरून, सर्व विद्यार्थी बाहेर पडण्यास किती मिनिटे लागतील ते काढा. मग शाळा सुटताना घड्याळ लावून पडताळा घ्या. उत्तर आठ मिनिटांहून अधिक आले, तर ते मुख्याध्यापकांना जरूर दाखवा.